जस्ताचं बोट

माझ्या नणंदेला कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की त्या "प्रोटीनवर काम करते" म्हणतात, आणि समोरचा माणूस लगेच वजन उतरवायला काय खावं ते विचारतो. त्याही निमूटपणे अंडी आणि शेंगदाणे सांगून मोकळ्या होतात. खरं काम समजावून सांगायला बसलं तर माणूस पळ काढतो, असा त्यांचा अनुभव. मी पळ काढला नाही, कारण मला तशी सोयच नव्हती. माझ्या मुलीचा सगळा प्रश्न त्यांच्या एका प्रोटीनपाशी येऊन अडला होता.

मी त्यांना तोंडावर ताई म्हणते आणि मनातल्या मनात वन्सं. त्या माझ्या नवऱ्याहून बऱ्याच मोठ्या, दोन चौक पलीकडे एकट्या राहतात. बोलणं मोजकं, चहा बिनसाखरेचा, आणि चहा झाला की माझ्या घरात माझ्याआधी उठून स्वतःचा कप धुऊन पालथा घालणार. मला याचा राग येतो. का येतो ते मला नवऱ्याला कधी पटवून देता आलेलं नाही.

मी लोकांना मोटार शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारच्या सीटवर, माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. दिवसभर अनोळखी माणसं माझा जीव घ्यायला निघालेली असतात आणि मी तो वाचवत असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्याकडे गोड बोलणं शिल्लक उरत नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्याकडे मात्र ते भरपूर उरतं, आणि आमचा संसार त्यावरच चालतो.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि दिसायला चारची. तिला थॅलेसेमिया आहे, म्हणजे तिच्या अंगात हिमोग्लोबिन धड बनत नाही. त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत माझ्याकडून गेली, एक नवऱ्याकडून. आम्हा दोघांकडे एकेकच असल्यामुळे आमचं काही बिघडलं नव्हतं आणि म्हणून आम्ही कधी तपासूनही घेतलं नव्हतं. असा आजार असलेल्या बऱ्याच मुलांना तान्हेपणापासून बाहेरून रक्त द्यावं लागतं. मुंगीचं तसं नव्हतं. तिची केस काठावरची आहे, असं रक्ताचे डॉक्टर म्हणायचे, आणि तो काठ धरून आम्ही एवढी वर्षं काढली होती.

मग तिची उंची वाढायची थांबली. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून बसल्या जागी झोपून जायची. शाळेत तिचं कौतुक होतं. पळापळ नाही, भांडण नाही, जागेवरून उठणं नाही. अशी मुलगी सगळ्यांना मिळो, असं तिच्या बाई मला म्हणाल्या होत्या आणि मी आभार मानून आले होते.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की आता नियमित रक्त सुरू करायला हवं. दर तीन-चार आठवड्यांनी, आणि बहुधा कायमचं. त्या रक्ताबरोबर अंगात लोह साठत जातं, ते काढायला पुढे वेगळी औषधं. नवऱ्याने बाकी सगळं नीट ऐकून घेतलं, पण "कायमचं" या शब्दापाशी तो अडकला तो अडकलाच. त्या दिवशी तो घरी आला आणि आमच्या इमारतीची चांगली चालणारी लिफ्ट उघडून बसला.

त्याच सुमारास मुंगीच्या जनुकांचा सविस्तर रिपोर्ट आला. थॅलेसेमियाच्या दोन प्रती त्यात होत्याच. त्याखाली आणखी एक बदल होता, दुसऱ्याच कुठल्या तरी जनुकात, एका अक्षराचा, आणि पुढे लिहिलं होतं, अर्थ अनिश्चित. हा बदल बापाकडून आला होता. नवऱ्याने रिपोर्ट उचलला आणि तडक बहिणीकडे गेला. थोड्या वेळाने तो तिलाच घेऊन परत आला.

वन्संनी तो कागद वाचला, परत वाचला, आणि मग कधी नव्हे ते चहाला नको म्हणाल्या. "हे माझंच प्रोटीन आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला भांडी घासायचा रबरी हातमोजा मागितला. मला वाटलं, आता ओट्यापर्यंत मजल गेली. पण त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि आम्हा दोघांना शिकवायला बसल्या. अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. कुठलं कधी चालू करायचं, कुठलं बंद करायचं, हे ठरवणारी काही प्रोटीनं असतात. त्यातल्या पुष्कळांना बोटं असतात. प्रोटीनचा धागा जस्ताच्या एका कणाभोवती वळतो आणि त्याचं बोट तयार होतं. म्हणून त्याला झिंक फिंगर म्हणतात, जस्ताचं बोट. ही बोटं डीएनएवरची अक्षरं चाचपतात आणि आपली खूण सापडली की तिथे घट्ट बसतात. जस्त नसेल तर बोट नाही, नुसता लोंबता धागा. हे सांगताना त्यांनी हातमोज्यात हात घालून टेबलाची कड पकडून दाखवली, मग हात काढून मोजा तसाच टाकला.

"आणि मुंगीचं काय?" नवऱ्याने विचारलं.

मुंगीचं असं होतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याचं जनुकही वेगळं. जन्मानंतर ते जनुक हळूहळू बंद होतं आणि मोठ्या माणसांचं चालू होतं. मुंगीचं हे मोठ्यांचंच जनुक बिघडलेलं. बाळपणीचं मात्र ठणठणीत, पण ते बंद पडत चाललेलं. ही अदलाबदल घडवून आणणाऱ्या प्रोटीनांपैकी एकाला अशी तीन बोटं असतात, आणि मुंगीच्या एका प्रतीत त्यातल्या मधल्या बोटात एक अक्षर बदललेलं होतं. त्या बदलाने बोट खरोखर मोडलं असेल तर अदलाबदल अर्धवट राहील, बाळपणीचं हिमोग्लोबिन पुढेही बनत राहील, आणि मुंगीला कदाचित बाहेरच्या रक्ताची गरज पडणार नाही.

"म्हणजे मोडलेलं असलं तर बरं?" मी विचारलं.

"मोडलेलं असलं तर फारच बरं."

माझ्या नवऱ्याला हे इतकं आवडलं की तो उठून उभाच राहिला. आमच्या घराण्याने रोग दिला तसा उताराही दिला, असं काहीतरी तो म्हणाला. हाच बदल त्याच्या रक्तातही होता, तेव्हा त्याचं रक्त तपासून काही कळेल अशी आशा होती. पण तो तपासही ना धड इकडचा निघाला ना धड तिकडचा. मग एकच उपाय उरला. ते बदललेलं प्रोटीन प्रयोगशाळेत बनवायचं आणि ते डीएनएला धरतं की नाही ते बघायचं. वन्संना त्यासाठी मुंगीचं रक्तही नको होतं. जीवाणूंकडून त्या हवं ते प्रोटीन बनवून घेतात. त्यांच्या प्रमुखांनी परवानगी दिली. डॉक्टर म्हणाले, जरूर करा, पण मी निर्णय मुलीकडे बघून घेणार, प्रयोगाच्या फोटोकडे बघून नाही. पुढची तारीख त्यांनी देऊन ठेवली.

त्या तारखेच्या आधीच वन्संचा फोन आला, दोघंही या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी एका शिकाऊ माणसाला अर्ध्या रस्त्यातून परत आणून सोडलं.

त्यांची प्रयोगशाळा मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं तसं काही चकचकीत नव्हतं. लांबच लांब टेबलं, त्यावर झाकणाच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं, एका फ्रिजवर "खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत" आणि त्याच फ्रिजवर कुणाचा तरी डबा. वन्संनी आम्हाला पडद्यासमोर उभं केलं. काळ्या चित्रात उजळ पट्ट्या होत्या. त्यांनी बोट ठेवून सांगितलं, हा चमकणारा डीएनए. एकटा असला तर जेलच्या लिबलिबीत थरातून भराभर खाली पळतो. प्रोटीनने धरून ठेवला तर जड होतो आणि वरच अडकतो. डावीकडे नेहमीचं प्रोटीन होतं, तिथली पट्टी वर अडकलेली. उजवीकडे मुंगीचं. तिथे वर काहीच नव्हतं. सगळा डीएनए खाली.

"धरलंच नाही," वन्सं म्हणाल्या.

नवऱ्याने ते तीनदा समजावून घेतलं. पहिल्या खेपेलाच त्याला कळलं होतं, पुढच्या दोन खेपा नुसतं ऐकायचं होतं. मग त्याने बहिणीला मिठी मारली, जी त्या घरात कुणी कुणाला मारत नाही, आणि वन्सं हात अंगाशी धरून उभ्या राहिल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. मला रडू आलं. मी खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या पार्किंगमध्ये लोक कशा वाकड्या गाड्या लावतात ते बघत राहिले.

नवऱ्याने बाहेरच्या पॅसेजमधूनच डॉक्टरांना फोन केला आणि तारीख रद्द केली. डॉक्टर म्हणाले, रद्द करू नका, तिला घेऊन या, मी बघतो. हा हो हो म्हणाला आणि फोन ठेवला. मला त्याने सांगितलं की डॉक्टर खूश झाले. त्यांचं खरं बोलणं मला पुढे कळलं.

त्यानंतरचे आठवडे आम्ही घरात एखादं लग्न ठरल्यासारखे वागत होतो. नवरा कामावर लोकांना बोटांची गोष्ट सांगायचा. मुंगीलाही त्याने सांगितली. तुझं एक बोट मोडलंय आणि ते फार छान झालं, असं. तिने दोन्ही हात निरखून बघितले आणि दहाच्या दहा नीट आहेत म्हणून त्याला खोटारडा ठरवलं.

पण मुंगी फिकी पडत चालली होती. तिच्या तळहातावरच्या रेघासुद्धा पांढऱ्या दिसायला लागल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबायची आणि हात वर करायची, की बाप तिला उचलून घ्यायचा. आमची लाडोबा, म्हणायचा. मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. पण बोट मोडलेलं आहे हे आम्हाला पक्कं माहीत होतं, त्यामुळे हा फिकेपणा हवेमुळे असेल, शाळेमुळे असेल, जेवणाची टाळाटाळ करते त्यामुळे असेल. मी दिवसभर शिकणाऱ्यांवर ओरडते की आरशात बघा, मागून काय येतंय ते बघा, आणि घरी येऊन मी नेमका त्याच गोष्टीकडे कानाडोळा करत होते.

एका दुपारी दोन शिकवण्यांच्या मध्ये मी गाडीत डबा खात होते. माझ्या नेहमीच्या जागी, म्हणजे शेजारच्या सीटवर. तेवढ्यात चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि वन्सं आत येऊन बसल्या. त्यांना गाडी येत नाही. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, अगदी मी शिकवते त्या जागी, आणि काचेतून समोर बघत राहिल्या.

"माझा प्रयोग चुकला," त्या म्हणाल्या.

मी डबा बंद केला. पुढचं त्यांनी एका दमात सांगितलं. प्रमुखांनी त्यांना हा निकाल छापायला लिहून काढा म्हटलं होतं. छापायचं तर सगळं पुन्हा करून बघावं लागतं. म्हणून त्यांनी या वेळी दोन्ही प्रोटीनं, नेहमीचं आणि मुंगीचं, एकाच दिवशी स्वतः बनवली आणि शेजारी शेजारी तपासली. दोन्हींनी डीएनए सोडून दिला. नेहमीच्या प्रोटीननेसुद्धा.

आधीच्या वेळी नेहमीचं प्रोटीन डावीकडे नीट धरून बसलं होतं, ते ताजं नव्हतं. ते फ्रीजरमधलं होतं, जुनं, दुसऱ्या कुणीतरी बनवून ठेवलेलं. मुंगीचं तेवढं नवं. आणि नवं बनवताना घोटाळा झाला होता. जीवाणू फोडले की आतली कुरतडणारी द्रव्यं प्रोटीन खाऊन टाकतात, त्यांना आवरायला त्या द्रावणात एक गोळी टाकतात. ही गोळी दोन प्रकारची मिळते. एकीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, एकीत नसतं. ईडीटीए धातू पकडून ठेवतं. बाकी प्रोटीनांना त्याने काही होत नाही. पण जस्ताच्या बोटांतलं जस्तच ते काढून घेतं.

"आमच्याकडे कायम बिनईडीटीएची गोळी येते," वन्सं म्हणाल्या. "या वेळी कुणीतरी साधी मागवली. खोके एकसारखेच दिसतात. मी वाचलं नाही."

"म्हणजे मुंगीचं बोट मोडलेलं नाही?"

"माहीत नाही. जस्त नसताना कुठलंच बोट उभं राहत नाही. मुंगीचं नाही, नेहमीचंही नाही. मी तुम्हाला जे दाखवलं त्याला काहीही अर्थ नव्हता."

मी त्यांच्याकडे बघत होते. आयुष्यभर या बाईने जस्तावर काम केलं होतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्या हेच शिकवतात, की आपल्या टेबलावर ईडीटीए नको. माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला आणि मी तो जसा आला तसा विचारला.

"मुंगी तुमची भाची नसती, तर?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं, जणू हा प्रश्न स्वतःला विचारूनच आल्या होत्या. "तर नेहमीचं प्रोटीन मी त्याच दिवशी तिच्या शेजारी बनवलं असतं. पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

"मग का नाही बनवलं?"

"हवं ते उत्तर आलं होतं."

माझा पाय माझ्या ब्रेकवर गच्च दाबलेला होता. गाडी बंद होती, तरी. मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमचा कप तुम्हीच धुता ना, मग हेही नीट धुवायचं, असलंही काहीतरी मी बोलून गेले. त्या ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी होतं पण त्यांनी ते पुसलं नाही, हात स्टिअरिंगवरच ठेवले. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या की नीट करून दाखवायला अजून काही आठवडे लागतील.

"आणि तोवर मुंगीने काय करायचं?" मी म्हटलं.

"तोवर माझ्यासाठी थांबू नका. मी परवा जिन्यात तिला बघितलं. मी आधीच बघायला हवं होतं."

भावाला कुणी सांगायचं, हे त्यांनी मला विचारलं नाही. संध्याकाळी त्या स्वतःच आल्या आणि उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो कोसळेल. पण तो कोसळला नाही, त्याने उलट हिशेब मांडला. म्हणजे बोट मोडलेलं असण्याची शक्यता अजून आहे ना? आहे. मग अजून थोडे आठवडे थांबलो तर काय बिघडलं? एवढं थांबलोच आहोत. त्याचा चेहरा इतका आशाळभूत होता की मला त्याचा राग येईना, आणि मला राग येत नाही तेव्हा मी जास्त घाबरते. मुंगी शेजारच्या खोलीत झोपलेली होती. संध्याकाळचे जेमतेम सहा वाजले होते.

मी म्हटलं, "उद्या मी तिला घेऊन जाते. नंतर मोडलेलं निघालं तर रक्त बंद करू."

"बंद करता येतं?" तो म्हणाला.

एवढे दिवस त्याला वाटत होतं की एकदा सुई टोचली की परतीचा रस्ता नाही. त्याने हे डॉक्टरांना विचारलंच नव्हतं, आणि "कायमचं" या शब्दापुढे मीही कधी गेले नव्हते. वन्सं म्हणाल्या, तिच्यासारख्या काठावरच्या मुलांचं कधी कधी करता येतं. तो खाली बसला. बराच वेळ त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर या बोटातून त्या बोटात फिरवला. मग म्हणाला, रजा टाकतो, मीही येतो.

हॉस्पिटलात तिचं हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा ते आधीच्या सातवरून पार घसरलेलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त आकडा वाचला, आमच्याकडे बघितलं आणि नर्सला हाक मारली. रागावले असते तर बरं झालं असतं. दिवसभराच्या वॉर्डात आरामखुर्च्या होत्या, मुंगी त्यातल्या एकीत बुडून गेली. सुई टोचताना ती रडली, पण तेही थोडंच, कारण रडायलाही जोर लागतो. मग पिशवीतून थेंब पडायला लागले. नवरा तिच्या पायांशी बसून तिला लिफ्टच्या गोष्टी सांगत होता. तिने विचारलं, हे कुणाचं रक्त आहे? तो म्हणाला, माहीत नाही, कुणीतरी चांगल्या माणसाचं. तिला ते पटलं. दुपारनंतर तिचे कान गुलाबी झाले. माझ्या मुलीचे कान गुलाबी असतात हे मला माहीत नव्हतं.

वन्सं त्या दिवशी आल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेत होत्या. या वेळी द्रावणात जस्त घातलेलं, गोळी खोका वाचून टाकलेली, दोन्ही प्रोटीनं एकदम बनवलेली, आणि कुणी तरी चूक काढावी म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलेलं. त्यांनी निकाल आणला तोवर मुंगीचं पहिलं रक्त होऊन आठवडे उलटले होते. त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. डावीकडची पट्टी वर होती. उजवीकडचीही वर होती, तितकीच ठळक.

"बोट शाबूत आहे," वन्सं म्हणाल्या. "अगदी नेहमीच्या इतकं धरतं. त्या अक्षराने काही बिघडलेलं नाही."

चांगल्या बातमीचे शब्द आणि वाईट बातमी. नवऱ्याने चित्र हातात घेतलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं, आणि परत ठेवलं.

"म्हणजे माझ्याकडून नुसता रोगच गेला," तो म्हणाला.

"निम्मा," मी म्हटलं. "निम्मा माझा."

मी उठून चहा टाकला. वन्संच्या कपात चुकून साखर पडली, त्यांनी तो तसाच प्यायला. त्या लोहाच्या औषधांबद्दल सांगत होत्या. साठलेलं लोह अंगातून बाहेर काढणारी ती औषधंसुद्धा धातू पकडणारीच असतात, ईडीटीएच्या चुलत घराण्यातली. माझ्याकडून त्यांनी जस्त नेलं, मुंगीकडून लोह नेतील, असं म्हणून त्या कसनुसं हसल्या. मला त्यांचा राग अजून होता. पण ही बाई आपल्या चुकीचं चित्र आणि बरोबरचं चित्र, दोन्ही स्वतःच्या पायांनी माझ्या घरी घेऊन आली होती, आणि तेवढं करायला माझ्यात धमक असती की नाही कोण जाणे.

तेवढ्यात बाहेर जिन्यात धाडकन आवाज झाला. मुंगीने पायऱ्यांवरून उडी मारली होती. पडली, उठली, आणि पुन्हा वर चढून गेली. रक्त मिळाल्यापासून हेच चाललं होतं. ती पलंगावर उड्या मारायची. आत्याला तिने तोंडावर सांगितलं की तुमच्या गोष्टी कंटाळवाण्या असतात. शाळेतून बाईंनी मला बोलावून घेतलं आणि तक्रार केली की मुंगी रांगेत ढकलाढकली करते, एका मुलाचा डबा तिने पळवला, वर त्यालाच दम दिला. बाईंना वाटलं घरी काहीतरी बिनसलंय. मी त्यांच्यासमोर हसले आणि हसता हसता रडले, आणि त्यांची खात्रीच पटली. गुणी, समंजस, शांत, असं सहा वर्षं जिला आम्ही म्हणत आलो होतो ती थकलेली मुलगी होती. ही खरी, आणि ही माझ्यावर गेली आहे.

रक्त दिल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी बूट घालत होते. मुंगी आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. उड्या नाहीत, काही नाही. मी विचारलं, काय झालं?

याआधी तिने मला कधीही दमले म्हणून सांगितलं नव्हतं. जिन्यात हात वर करायची तेवढंच. दमणं म्हणजे काय ते तिला माहीतच नव्हतं, कारण जन्मल्यापासून ती तशीच होती.

"आई, माझं रक्त संपत आलंय," ती म्हणाली, "हॉस्पिटलला कधी जायचं?"

मी डॉक्टरांना फोन लावला. दोन दिवसांनंतरची तारीख होती, ती मी त्याच दुपारची करून घेतली.